दहा नखं कापली, बारा होती

वाचकाचं पत्र

ताई, आमची मांजर चिंगी दोन वर्षांची आहे. चार महिन्यांची असताना घरी आली, तेव्हाच तिच्या पुढच्या पायांत काहीतरी वेगळं आहे हे दिसलं होतं. डाव्या पंजाला सात बोटं आहेत, उजव्याला सहा. मागचे पाय इतर मांजरांसारखेच. समोर पाय ठेवून बसली की लोकरीचे हातमोजे घातल्यासारखी दिसते. घरी येणारा प्रत्येक जण तिचा पंजा हातात घेऊन बोटं मोजतो, फोटो काढतो.

आता तिची नसबंदी करायची आहे. माझी नणंद म्हणते, हे व्यंग आहे, भूल देणारच आहात तर जादाची बोटंही काढून टाका. एका ओळखीच्यांचं म्हणणं अगदी उलट. नसबंदीची घाई नको, एकदा पिल्लं होऊ द्या, अशा पिल्लांना लोक रांगा लावतील. आम्ही दोघंही गोंधळलो आहोत. हा आजार आहे का? पुढे तिला त्रास होईल का? घरात काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

नखं कापताना उजवा पंजा ती कशीबशी देते, डाव्याला हात लावू देत नाही. तो चार-पाच महिने तसाच राहिलाय. चालताना फरशीवर टिकटिक वाजतं. गेले चार दिवस डावा पंजा सारखी चाटतेय आणि पलंगावरून उतरताना जरा थांबते. पण खाणंपिणं व्यवस्थित आहे, त्यामुळे विशेष काही नसावं.

– चिंगीची आई

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी लिहिली आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. नसबंदीचं, पिल्लांचं, बोटं काढण्याचं बोलूच. पण पाच महिने नखं न कापलेला पंजा, तोच पंजा चार दिवस चाटणं, आणि उतरताना घुटमळणं, हे तिन्ही एकत्र वाचल्यावर मला आधी तो पंजा बघायला हवा असं वाटतं. मी तिथे नाही, म्हणून तुम्ही बघा. आजच बघा. खाणंपिणं व्यवस्थित आहे यावर विसंबू नका. मांजर दुखणं अंगावर काढतं. पोट भरत राहतं, जागा बदलून झोपतं, उडी मारायचं हळूच टाळतं, आणि आपल्याला वाटतं, आज जरा आळसावलीय.

खोलीचं दार लावून घ्या. तिला एका मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि फक्त डावा पुढचा पाय बाहेर राहू द्या. एकाने धरायचं, दुसऱ्याने मोबाइलच्या उजेडात बघायचं. बाहेरच्या बाजूची चार मोठी बोटं तूर्त सोडून द्या. आतल्या बाजूला, जिथे अंगठा आणि त्याला चिकटून आलेली जादाची बोटं आहेत, तिथल्या बेचक्यातले केस बोटाने बाजूला सारा. प्रत्येक बोटाच्या शेवटी नख दिसायला हवं आणि त्या नखाचं टोक मोकळ्या हवेत असायला हवं. एखादं नख बांगडीसारखं वळून गादीकडे, म्हणजे पंजाखालच्या मऊ उशीकडे, गेलंय आणि त्याचं टोकच दिसत नाही, तिथली कातडी ओलसर किंवा सुजलेली आहे, जवळ गेल्यावर आंबूस वास येतोय, यातलं काहीही दिसलं तर नख रुतलंय असं समजा.

रुतलेलं नख घरी ओढू नका, कापूही नका. डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगा, ‘नख गादीत शिरलंय.’ त्यांना बरोबर कळतं. ते नख कापतात, आतला तुकडा काढतात, जखम धुतात. ती फारच दुखत असेल तर थोडी गुंगी देऊन करतात, आणि गरजेप्रमाणे दुखण्याचं औषध आणि प्रतिजैविक देतात. तोवर चाटू नये म्हणून गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर असेल तर घाला. पाय घाण झाला असेल तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवून त्याने धुवा. घरातलं तीव्र वासाचं जंतुनाशक लावू नका, ते ती चाटणारच. आणि माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल आपल्याला साधी गोळी वाटते, पण ती पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात नीट नसते. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

नख मोकळं दिसलं तरी डॉक्टरांकडे जाच. तुटलेलं नख, बोटांमध्ये घुसलेली कुसळ, सांध्याची सूज, असं काहीही असू शकतं. चार दिवस पुरे झाले.

एवढ्या ठामपणे मी सांगतेय, कारण हे माझ्या घरात घडून गेलंय.

आमच्या गब्दूला पुढच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं होती. मोठा, पिवळाधमक, शांत बोका. त्याची नखं मी दर तीन आठवड्यांनी कापायची आणि त्याचा मला अभिमानही होता. सात वर्षांचा असताना तो थोडा लंगडायला लागला. एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी पाय हलवून बघितला, मुरगळला असेल म्हणाले, आठवडाभर उड्या मारू देऊ नका म्हणून सांगितलं. केस बाजूला करून पंजाचं बेचकं कुणीच बघितलं नाही. मीही नाही. पुढच्या आठवड्यात चादरीवर मोहरीएवढे तपकिरी डाग दिसले. त्याने माझ्या उशीवर पाय टेकला तेव्हा वास आला. दुसऱ्या डॉक्टरांनी टॉर्च तोंडात धरला, दोन्ही हातांनी त्याची बोटं फाकवली आणि मला म्हणाले, ‘या, बघा.’ सहाव्या बोटाचं नख आडवं, केसांखाली लपून, पूर्ण गोल फिरून गादीत शिरलेलं होतं. कापून बाहेर काढलं तेव्हा आतला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता, काळपट आणि ओला. गादीला तेवढंच भोक. टेबलावरून खाली ठेवल्यावर गब्दूने तो पाय पूर्ण टेकवला आणि दाराकडे चालत गेला.

घरी येऊन मी मोजली. पुढच्या दोन पायांना मिळून बारा नखं होती. इतकी वर्षं मी दहाच कापत होते. पाच आणि पाच, सवयीने. उरलेली दोन मला कधी दिसलीच नव्हती. दुसऱ्या पायाचं नखही तसंच वळलं होतं, गादीपासून केसभर लांब.

म्हणून जादा बोटांच्या मांजराबद्दल मला कुणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारते, नखं किती आहेत? बोटं सगळे मोजतात. फोटो काढणारे पाहुणेसुद्धा मोजतात. नखं मोजायला केस बाजूला करावे लागतात.

आता हे असं का होतं ते सांगते, म्हणजे कुठे बघायचं हे लक्षात राहील. मांजराचं नख थराथरांचं असतं. आतून नवा थर येतो आणि वरचा जुना सुटून पडतो. चिंगी खांबावर किंवा सतरंजीवर ओरबाडते तेव्हा ती हेच करत असते. घरात कधी चंद्रकोरीसारखी पोकळ टरफलं सापडली असतील, तर ती तिच्या नखांची. जे बोट खांबावर ताण देतं त्याचं नख अशा रीतीने बऱ्यापैकी आटोक्यात राहतं. अंगठा मात्र जमिनीपासून वर असतो, त्यामुळे पाच बोटांच्या साध्या मांजरातही आधी अंगठ्याचंच नख माजतं. आणि जादाची बोटं बहुतेक वेळा नेमकी अंगठ्याच्याच बाजूला येतात. काही सुटी, काही अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये दाटीवाटीने बसलेली. ती बहुतेकदा ना जमिनीला नीट टेकतात, ना खांबाला लागतात. नख सरळ वाढत नाही, गोल वाढतं. समोर मोकळी जागा नसली की ते फिरून गादीत जातं, नाहीतर शेजारच्या बोटात.

टिकटिक वाजतं असं तुम्ही लिहिलंय. मांजर पुढच्या पायांची नखं एरवी आत ओढून चालतं, म्हणून त्याची चाहूल लागत नाही. जादाच्या बोटांचे सांधे आणि स्नायुबंध अनेकदा पूर्ण जुळलेले नसतात आणि त्यांची नखं आत जातच नाहीत. तेव्हा थोडी टिकटिक चिंगीला जन्मभर राहू शकते. ती वाढली की नख लांबलंय असं समजायचं. कधीकधी दोन बोटं अर्धवट जुळलेली असतात आणि एकाच जागेतून दोन नखं चिकटून येतात. असं जाड, रुंद नख साध्या नेलकटरमध्ये मावत नाही, दाबलं की चिरतं. त्यासाठी मांजरांचीच खाच असलेली कात्री घ्या, आणि तरीही जमत नसेल तर ते एक नख डॉक्टरांकडे कापून घ्या.

पंजा बरा झाला की नखं कापायची नव्याने सवय लावावी लागेल. त्याआधी एक विनंती. पाहुण्यांच्या हातात तिचा पंजा देणं आजपासून बंद करा. ती डावा पाय का देत नाही याचं एक कारण दुखणं असेल, पण दुसरं तुमच्याच पत्रात आहे. सात बोटांचा तो पंजा सगळ्यांना बघायचा असतो. अनोळखी हात येतो, पाय धरतो, बोटं फाकवतो, वर चमक मारतो. मग कात्री घेऊन तुमचा हात आला तरी तिला तो त्यातलाच एक वाटणार. लोकांना लांबून बघू दे. बसली की दिसतंच की सगळं.

सवय अशी लावा. जेवून सुस्तावलेली असेल तेव्हा शेजारी बसा. खांद्यावरून हात फिरवत मनगटापर्यंत या आणि थांबा, आवडीचा खाऊ द्या. ती पाय ओढून घेत नाही असं तीन-चार दिवस दिसलं की पंजापर्यंत जा. मग एक बोट वरून आणि खालून हलकं दाबा, नख बाहेर येईल, सोडून द्या, खाऊ द्या. कात्री अजून जवळही नको. हे सगळं दोन आठवडे चाललं तरी चालेल. कात्री आली की पहिल्या दिवशी एकच नख कापायचं. एका बैठकीत सगळी झालीच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? रोज एक कापलं तरी पुढचे दोन पाय पंधरवड्यात होतात आणि तोवर पहिल्याची वेळ पुन्हा येते.

आणि सुरुवात आतल्या बेचक्यातून करा. आपण सगळे बाहेरच्या मोठ्या, सोप्या नखांपासून सुरू करतो. मांजराचा धीर संपतो आणि अवघड तेवढी राहून जातात. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. सोपी राहिली तर राहू द्या, ती खांबावर घासून निघतील.

किती कापायचं? नखाच्या मुळाशी गुलाबी भाग दिसतो ती जिव्हाळी, तिथे रक्त आणि नस असते. तिच्यापासून लांब राहून फक्त वळलेलं टोक कापा. काळ्या नखात जिव्हाळी दिसत नाही, तिथे टोकावरचा एक-दोन मिलिमीटरचा वळलेला भागच कापा. वाढून गोल झालेल्या नखात जिव्हाळीही लांबलेली असू शकते, म्हणून एकदम तोकडं करायला जाऊ नका. कधी लागलंच तर कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकाशी दाबून धरा, पाचेक मिनिटांत रक्त थांबतं. त्या दिवशी पुढचं नख नको. एरवी दोन ते तीन आठवड्यांनी कापायचं, पण आतल्या बोटांवर दर आठवड्याला नजर टाकायची. दहा वर्षांच्या पुढे गेल्यावर तर जास्तच. म्हातारं मांजर ओरबाडत कमी, जुने थर सुटत नाहीत आणि नख जाड होत जातं.

आता तुमचा पहिला प्रश्न, हा आजार आहे का. नाही. मांजराला साधारण १८ बोटं असतात, पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार. चिंगीला २१ आहेत. गर्भात पाय तयार होताना कुठल्या बाजूला अंगठा आणि कुठल्या बाजूला करंगळी हे ठरवणारं एक जनुक असतं, त्याचं नाव सोनिक हेजहॉग. ते कुठे आणि किती वेळ चालू ठेवायचं हे सांगणारा डीएनएचा तुकडा त्याच्यापासून सुमारे १० लाख अक्षरं दूर असतो. त्या तुकड्यात एका अक्षराचा फरक पडला की जनुक अंगठ्याच्या बाजूलाही थोडं चालू होतं आणि तिथे जादा बोटं फुटतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांजरांमध्ये असे वेगवेगळे तीन बदल दाखवून दिले. माणसांमध्ये जन्मतः दोन अंगठे असतात त्यातही काही वेळा हाच तुकडा बदललेला असतो. हा बदल आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरतो. म्हणून अशा मांजराच्या प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता साधारण निम्मी असते. पण किती बोटं येतील याचा नेम नसतो. एकाच मांजराचे दोन पायही सारखे नसतात, तुमच्या घरातच एकीकडे सात आणि दुसरीकडे सहा आहेत.

अशी मांजरं जगात काही नवी नाहीत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ती फार पूर्वीपासून आहेत, जहाजांवरचे खलाशी त्यांना शुभ मानायचे. फ्लोरिडातल्या की वेस्टमध्ये लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे १९३० च्या दशकात ज्या घरात राहिले तिथे आता संग्रहालय आहे आणि तिथे साठेक मांजरं नांदतात. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना जादा बोटं आहेत. एका जहाजाच्या कप्तानाने हेमिंग्वेंना सहा बोटांचं पांढरं मांजर दिलं, त्याचा हा गोतावळा, असं तिथे सांगतात. म्हणूनच इंग्रजीत अशा मांजरांना ‘हेमिंग्वे कॅट’ हे नाव पडलं. ही मांजरं इतरांइतकीच जगतात, पळतात, झाडावर चढतात. काहींचा आतला अंगठा असा वळलेला असतो की ती त्याने खेळणं पकडतात. गब्दू कपाटाचं दार त्याने ओढून उघडायचा.

नणंदेने व्यंग म्हटलं त्यामागे काळजीच असणार, पण निरोगी बोटं काढायची नाहीत. दिसायला बरं म्हणून तर नाहीच. बोट काढणं म्हणजे हाड, सांधा, नस, सगळं कापणं. त्यानंतर दिवसचे दिवस त्याच पायावर तिला चालायचं, ट्रेमध्ये माती उकरायची. गब्दूसारखं नख रुतलं तर ‘बोटच काढून टाकू’ असं मनात येतं, मलाही आलं होतं. नख वेळेवर कापलं की तो प्रश्न उरत नाही. बोट काढण्याची वेळ क्वचित येते. बोटाला हाडाचा आधारच नाही आणि ते नुसतं कातडीने लोंबकळतंय, सारखं अडकून फाटतंय. किंवा नख अशा कोनात उगवतंय की कितीही कापलं तरी पुन्हा पुन्हा रुततंय. कॅनडातल्या जेक नावाच्या बोक्याच्या नावावर २००२ पासून २८ बोटांचा गिनेस विक्रम आहे, आणि त्याची नोंद करताना प्रत्येक बोटाला स्वतःचं नख, गादी आणि हाड असल्याचं नमूद केलंय. सगळ्याच मांजरांच्या जादा बोटांना ही तिन्ही असतात असं नाही. चिंगीच्या बोटांना काय आहे आणि काय नाही हे एक्स-रेमध्ये दिसेल. नसबंदीसाठी भूल देतीलच, तेव्हाच दोन्ही पुढच्या पायांचा एक्स-रे काढून घ्या आणि आतल्या बेचक्यांतली सगळी नखंही कापून घ्या. डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी नको.

कुणी सगळी नखंच काढून टाकायचं सुचवलं तर मात्र तिथल्या तिथे नाही म्हणा. नख काढणं म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापणं. कित्येक देशांत त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

एक्स-रेचं अजून एक कारण आहे. जादा बोटांसारखंच वरवर दिसणारं पण निराळं एक जन्मजात दुखणं असतं. त्यात पुढच्या पायातलं एक लांब हाड आखूड असतं किंवा नसतंच. अशा मांजराचे पुढचे पाय वाकडे आणि तोकडे राहतात, ते मागच्या पायांवर कांगारूसारखं बसतं, चालताना पुढून खाली वाकतं. चिंगी दोन वर्षं पलंगावर उड्या मारतेय आणि समोर पाय ठेवून सरळ बसते, तेव्हा तिला ते असावं असं मला वाटत नाही. पण पुढचे पाय थोडे जरी वाकलेले वाटले तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

आणि इथेच तुमच्या ओळखीच्यांच्या सल्ल्याकडे येते. चिंगीला पिल्लं होऊ देऊ नका. ‘रांगा लावतील’ हे शब्द वाचून मला वाईट वाटलं. अमेरिकेत १९९० च्या दशकात वाकड्या पायांची मांजरं मुद्दाम जन्माला घातली गेली, कारण ती बघणाऱ्याला गंमतशीर वाटायची. त्या मांजरांना उडी मारता येत नव्हती की धड उतरता येत नव्हतं. चिंगीचं तसं नाही हे मला मान्य आहे. तिची पिल्लं बहुधा तिच्यासारखीच धडधाकट होतील. पण ती घेऊन जाणारा माणूस पंजा बघून घेणार. त्या पंजाची नखं पंधरा वर्षं कोण कापणार, केस बाजूला करून कोण बघणार? तुमच्यासारखी जीव लावणारी माणसंसुद्धा पाच महिने मागे पडू शकतात. आणि निम्मी पिल्लं साध्या पाच बोटांची निघाली की त्यांचं काय करायचं, हे त्या गृहस्थांनी सांगितलंय का? घराच्या शोधात असलेली मांजरं आधीच पुष्कळ आहेत. पंजा बरा झाला आणि डॉक्टर हो म्हणाले की लगेच नसबंदी करा. दोन वर्षांची झालीय, आणखी थांबायचं काही कारण नाही. तोवर तिला बाहेर सोडू नका.

घरात फार बदल करावे लागत नाहीत. आत न जाणारी नखं दोऱ्यांच्या फाशांत अडकतात, म्हणून तिच्या झोपायच्या जागी लूपवाला टॉवेल किंवा सैल विणीचं काही ठेवू नका. मऊ, सपाट कापड घाला. अडकलेलं मांजर घाबरून पाय हिसडतं आणि नख मुळापासून उखडतं. असं अडकलेलं दिसलं तर पाय ओढायचा नाही, कापड पायाच्या दिशेने पुढे ढकलायचं, फास आपोआप सुटतो. ट्रेमधली माती बारीक कणांची असेल तर ती ओली होऊन बोटांच्या बेचक्यात चिकटून घट्ट होते. रात्री एकदा ओल्या कापडाने पंजा पुसा, त्या निमित्ताने नखंही बघितली जातील. खांब उंच आणि न डगमगणारा हवा, तिने पूर्ण ताणून उभं राहिल्यावर पंजे पोचतील एवढा. रुंद पंजाला रुंद पृष्ठभाग बरा पडतो.

गब्दूच्या त्या प्रकारानंतर मी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. वहीच्या पानावर त्याच्या दोन्ही पंजांचं साधं चित्र काढलं, सुंदर वगैरे काही नाही, एक गोल आणि त्याला बोटं. प्रत्येक बोटाला आकडा दिला. अवघड जागी असलेल्यांना लाल गोल केला. नख कापलं की त्या आकड्याखाली तारीख लिहायची. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं असायचं, त्यामुळे घरातल्या कुणालाही कळायचं की उजव्या पायाचं दोन नंबरचं राहिलंय. चिंगीच्या चित्रात डावीकडे सात आकडे असतील आणि उजवीकडे सहा. एखाद्या बोटाला नखच नसेल किंवा एखाद्याला दोन असतील, तर तेही तिथे लिहून ठेवा. डॉक्टर बदलले तरी ते पान बरोबर न्यायचं.

पण चित्र उद्या काढा. आज तो डावा पंजा बघा, डॉक्टरांची वेळ घ्या आणि मला दोन ओळी कळवा. नख होतं का, कुठल्या बोटाचं होतं, आणि पलंगावरून आता न थांबता उतरते का. मी वाट बघतेय.